पासंग

विश्रामबागेतल्या बायकांचे टॅरो मी सरळ वाचते.
मनोरा आला, तर कोसळणार म्हणते,
वर चहाही पिते त्यांचाच.

स्वतःला मांडला
की तोच मनोरा म्हणजे मला
जुनं पाडून नवं बांधणं वाटतं.
काल तीनदा पिसले पत्ते.
आधीचे दोन डाव धरले नाहीत,
नीट पिसले नव्हते म्हणून.

दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या पावत्या फाडते मी.
जुन्या तराजूवर पोतं चढवण्याआधी
सिद्राम रिकामी पारडी बघतो.
एक झुकलेलं असलं
तर दुसऱ्याला खडा बांधतो,
तंबाखू मळत.

आज आधी वहीत लिहिलं,
मला काय यायला हवंय ते:
इचलकरंजीहून त्याचा फोन.
शाई वाळू दिली.
मग विचारलं, परक्या बाईचं विचारावं तसं:
यार्डातली एक पावतीवाली, वय त्रेचाळीस,
हिनं वाट बघावी का?

एकच पत्ता.
आठ पेले मांडलेले,
आणि कुणीतरी पाठमोरं, डोंगराकडे निघालेलं.

बोटांची हळद कडेला लागली.
पुन्हा पिसले नाहीत.
पाठ त्याची की तिची,
एवढ्याचसाठी
काटा अजून हलतोय.