निवेपर्यंत

तुवाकच्या घरी चहा नाकारता येत नाही.
गोंबदच्या पुढे, तुर्कमेनांच्या सपाट मुलुखात,
विजेचा शेवटचा खांब संपतो तिथं तिचं घर.
मी गावची आरोग्यसेविका. पिशवीत वही, रक्तदाबाचं यंत्र
आणि यंदा खात्यानं दिलेला
चहात बुडवायचा थर्मामीटर.

तो बघून ती बोळकं उघडून हसली.
"आता चहालाही ताप येतो का गं?"
येतो. अठ्ठ्याहत्तर.
पासष्टाच्या खाली उतरू दे, म्हटलं, मग पी.
"म्हणजे पाणीच की! ओराझ म्हणायचा,
घशाला कळला नाही तो चहा कसला."

ओराझच्या घशाला कळला.
आधी नान अडकला.
मग रश्शात बुडवलेला नान.
मग रस्सा.
शेवटी चमचाभर पाणी तोंडातच फिरवत
तो भिंतीकडे बघत बसायचा.
त्याच्या आधी भाऊ गेला, भावाच्या आधी आई.
लोक म्हणाले, रक्तातच आहे त्यांच्या,
आणि उठून चहा टाकला.

एकाहत्तर.
वाफ अजून सरळ वर चाललेली.
"निववून प्याला असता,
तर असता का तो आज?"

माझ्या वहीत या प्रश्नाला रकाना नाही.
चहा होता. गुडघ्यासाठी चघळायचा ती काळी अफू होती.
हिवाळाभर पानात हिरवं काही नव्हतं. रक्तही असेल.
आणि याच गावात उकळता चहा पिऊन
नव्वदीत घोड्यावरून पडून मेलेला म्हाताराही आहे.
"ठाऊक नाही," मी म्हटलं. "शंभरातले काही वाचतात.
कुठले, ते नाही सांगता येत."

ती मागावरच्या अर्ध्या गालिच्याकडे बघत राहिली.
"तुला अडतं का गं काही, गिळताना?"
"छे."
मग, दोरा दातानं तोडत,
"सुका नान असला तर. जरासं."
कधीपासून?
"मेंढ्या कातरल्या तेव्हापासून."
आणि मेंढ्या कातरून आता तीन महिने.

गोंबदला नळी घालून बघतात, मी सांगितलं.
अर्ध्या तासाचं काम. मंगळवारी जीप जाते.
"गालिचा उतरू दे आधी."
माग काही पळून जात नाही, म्हटलं.
ती गप्प. मीही गप्प.
चौसष्ट.

तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं,
तरी पेला खाली ठेवला नाही.
"किती वाजता निघते ती जीप?"

सांगायला तोंड उघडलं
तेव्हा लक्षात आलं, माझा पेला रिकामा होता,
केव्हाचाच,
आणि जीभ पोळलेली.