दुसरा शनिवार

मुलाणी मॅडम महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी येतात.
त्याआधी सासूबाई डबे पुसतात,
हे कॅलेंडर सरळ करतात,
मी कापडाच्या चिंध्या मशीनखाली पायानं ढकलते.
चार महिने झाले, तरी आमचं घर
परीक्षेला बसल्यासारखं बसतं.

फाइलीत लिहिलंय, वय पाच वर्षं.
माझी टेप म्हणते, साडेतीन.
अर्ध्या सोलापूरच्या शाळांचे पिनाफोर शिवते मी,
पोरगं दारातून आलं की डोळ्यांनीच माप घेते,
आणि हिचा एक फ्रॉक
तीनदा उसवला, तीनदा चुकला.

नाव तिचं तिनंच आणलंय, मंजिरी.
सासूबाईंच्या तोंडात ते बसत नाही,
त्या तेलुगूत हाक मारतात, "इटु रा, बिड्डा,"
आणि ती जागच्या जागी
मराठीत उभी राहते.

पाणी प्यायला विचारते.
खिडकी उघडायला विचारते.
पडली तरी रडत नाही.
गल्लीतल्या बायका म्हणतात, किती शहाणं लेकरू, नशीब काढलंत की हो.
आता त्यांना कसं सांगू,
हे शहाणपण रात्री
पलंगाच्या कडेला चप्पल घालून झोपतं.

मागच्या खेपेला ह्यांनी मॅडमना ऐकवलं होतं,
आम्ही विणकर माणसं, तुटलेला धागा जोडणं आमच्या हातात असतं.
मॅडम म्हणाल्या, श्रीहरीभाऊ,
ती तुटलेली नाही.
आणि चादर पण नाही.

या खेपेला पोरीचं काहीच विचारलं नाही त्यांनी.
बशी बाजूला सारून म्हणाल्या,
तुम्ही कशा आहात?

वजन, लशी, बालवाडी
सगळं पाठ होतं माझं.
हे नव्हतं.

सासूबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,
आठ वर्षं वाट बघितली,
आणि आता हिला कडेवर घेते तर
आत काही हलतच नाही.
पाहुण्यांचं मूल सांभाळतेय असं वाटतं,
संध्याकाळी कुणीतरी घ्यायला येईल असं.
हे लिहिणार का तुम्ही?
नेतील का हिला?

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.
टक्.
म्हणाल्या, बऱ्याच जणी सांगतात.
दोन-दोन वर्षांनी सांगतात. तुम्ही लवकर सांगितलंत.
सात रस्त्याजवळ गुरुवारी काही आया बसतात, या तुम्ही.
एक बाप पण येतो. बोलत नाही,
सगळ्यांना शेंगा आणतो.

मंगळवारी पाण्याची पाळी.
पाचव्या दिवसाचं पाणी, रात्री अडीचला,
अख्खी गल्ली जागी, मोटारींचा घुंगाट,
मी पिंपाशी पाइप धरून,
आणि मागून ही आली
चप्पल फटफटवत, हातात तांब्या,
मदत करायला.

घसरली.
गुडघा फरशीवर आपटल्याचा आवाज माझ्या दातांत आला.
रक्त बघितलं तिनं, मग माझं तोंड बघितलं,
आणि नेहमीसारखं विचारलं,
"इथं रडलं तर चालतं?"

पाइप कधी सुटला माहीत नाही.
मी ओल्यात तशीच बसले, तिला ओढून घेतलं,
म्हणायचं होतं, चालतं,
पण आधी रडले मीच.
ती जरा वेळ बघत राहिली, जणू कसं करतात ते,
मग तिनंही सुरू केलं,
मोठ्यांदा, बेसूर,
चार महिन्यांचं एकदम.

पिंप भरून वाहिलं, पाणी गटारीला लागलं,
पलीकडून यमूलकाकू ओरडल्या, अगं पाणी वाया चाललंय!
जाऊ दे म्हणायची सोय आमच्या गावात नाही.
तरी म्हणाले.

त्या रात्रीच्या चिखलात तिची एक चप्पल गेली.
दुसरी घालून झोपली.

शनिवारी मॅडमनी विचारलं, काही नवीन?
हे म्हणाले, शेजारच्यांची तक्रार आहे.
मॅडमनी या वेळी टोपण काढलं,
आणि मी सांगायला लागले.