डझनाचा भाव

डझनाला चार डॉलर.
पाटी माझ्या बापाच्या हातची,
आकडा तेवढा मी बदलत आले.
बोटाएवढा मासा, अंगावर उभे रुपेरी पट्टे,
कुणी घाईत नखाने ओरखडे काढावेत तसे.
गळाला लावला तरी तासभर वळवळतो,
म्हणून गिऱ्हाइकाला आवडतो.

चेसापीकच्या ह्या कडेला पाइनची झाडं उभ्याउभ्या मेलीत,
मुळांना खारं लागलं.
मी पहाटे खाजणात उतरते,
पिंजऱ्यात ठेचलेला खेकडा टाकते.
ओहोटी लागली की मोठे मासे खाडीकडे पळतात.
हे पळत नाहीत.
डबक्यात राहतात. डबकं आटलं तर चिखलात.
वर्लिन एल्झी, माझा बाप, म्हणायचा,
"ह्यांना वाईट पाणी ठाऊक नाही, ओलेटा.
नुसतं पाणी ठाऊक आहे."

जूनमधल्या पौर्णिमेच्या उधाणाला
पाणी रस्ता ओलांडून आलं,
पोस्टाच्या पेटीखालून,
चर्चमागच्या कबरींच्या कुंपणातून आत.
मी बॅटरी घेऊन गेले.
बापाच्या दगडाभोवती पोटरीभर पाणी
आणि त्यात ते, शेकड्यांनी,
एकमेकांना घासत, नरांची पोटं पिवळीधमक.
गवताच्या बुडाशी अंडी चिकटवत होते.
काही त्याच्या जन्मसालातल्या आठाच्या खाचेत.

पाणी उतरलं. अंडी वर राहिली,
हवेत, दोन आठवडे.
आतला जीव तयार होतो आणि थांबतो.
पुन्हा पाणी शिवेपर्यंत फुटत नाही.

त्याच दोन आठवड्यांत काउंटीचा माणूस आला.
कोरे बूट, घराच्या किमतीचा कागद.
भला होता. खुर्ची ओली आहे म्हटलं तरी बसला.
"बाई, इथे आता उरलंय कोण?"
त्याला दगडापाशी नेलं, आठ दाखवला.
खूप वेळ वाकून पाहिलं त्याने,
मग म्हणाला, मला काही दिसत नाही.
अमावास्येला रात्री ये, म्हटलं.
त्याने फोनमध्ये तारीख लिहून घेतली.

आला नाही.
मी होते. डास होते.
साडेअकराला पाणी पहिल्या ओळीला लागलं,
मग सालाला,
आणि आठ हलला.

कागदाचं काय केलं ते विचारू नका.
पाटीवर आता पाच आहेत.