चौथ्या शर्यतीबद्दल

बसा. पण एकदम नाव विचारू नका.
आधी मातीचं सांगतो.
मन्याडकाठची ही काळी परवा अवकाळीत भिजली,
वरून वाळून पापडासारखी तडकलीय,
टाच दाबून बघा, खाली अजून लोणी.
हिच्यात घोडं चढताना फसत नाही,
उतरताना फसतं,
कुडापल्याड, जिथलं त्याला दिसत नसतं.

अडथळे तीन. दुपारी चालून आलो मी.
छातीभर तुराट्यांचा कूड,
मग पाण्याचा चर, पाच हात, कडेला चुन्याची रेघ,
शेवटी सोयाबीनच्या भुसकटाची पोती रचून भिंत.
भिंत ढासळते, लोक हसतात, घोडंही उठतं.
चराला हसणं माहीत नाही.

तुम्ही भोवरे बघता.
गळ्याला देवमण, चारी पाय पांढरे, कपाळावर टिळा,
म्हणजे पंचकल्याणी, म्हणजे जिंकलंच.
बघा बापडे.
मी चाळीस साल घोड्याच्या तोंडाकडं पाठ करून उभा आहे,
त्याचा पाय माझ्या मांड्यांत.
तोंड मला सगळ्यात शेवटी दिसतं.

पहिली शिंगरांची. तिच्यात काही सांगता येत नाही,
शिंगरू स्वतःच्या सावलीवरूनही उडी मारतं.

दुसरीत इरबा कोटगिऱ्याचा कुमैत धरा.
खिळा ठोकताना त्याचा खूर काशाच्या वाटीसारखा वाजतो.
गेल्या साली चरापुढं थबकला, इरबानं त्याला लई मारला.
औंदा इरबा दवाखान्यात,
वर बसणार पोरगं, सतरा वर्षांचं,
त्याला अजून मारता येत नाही.
म्हणून धरा म्हणतो.

अबलख? फोटो काढा त्याचा.

तिसरी सोडून द्या.
तिसरीत सरपंचाचं घोडं आहे
अन् शेवटच्या रेघेवर झेंडा घेऊन सरपंचाचा मेहुणा.

चौथी.
माहीत होतं, चौथीसाठीच आलात, एवढ्या थंडीत.
लाखी.
अख्ख्या जत्रेनं लाखीवर लावलंय, जिलेबीवाल्यानंसुद्धा.
तीन साल तिच्यापुढं कुणी गेलं नाही.
खरं आहे. हवेत असताना
बाकीची घोडी कान पाडतात,
ही पुढं ठेवते, पल्याडचं कुणी बोलावतंय जसं.

चहा घ्या. सांगतो, थांबा.

दिवेलागणीला तिचा पुढचा डावा हातात घेतला
तर गरम.
ताप आलेल्या लेकराचं कपाळ असतं, तेवढा.
चीर होती, खालून वर, केसांपर्यंत गेलेली.
चिमट्यानं दाबलं. तिनं पाय ओढला नाही,
माझ्या पाठीला नाक लावून नुसती उभी राहिली.
दिगंबररावांना दाखवलं.
म्हणाले, हुसेनभाई, तीन उड्यांचा तर प्रश्न,
खाली चामडं घाला, वर नाल,
अन् कुठं बोलू नका.
माझ्या खिशात पाच नोटा कोंबल्या.
मी चामडं घातलं.
नाल ठोकला.
बोललो नाही.

मग पाळणे थांबले, दिवे गेले, तंबूत पडलो,
तर माझाच तळहात मला गरम लागू लागला.
बाराच्या सुमाराला उठलो.
राखणीला तिचा स्वार, नागनाथ, जागाच.
ओरडेल वाटलं.
त्यानं मोबाईलचा उजेड खुरावर धरला
अन् दुसरीकडं बघत राहिला.

तर असं आहे.
चौथीत कुणावर लावायचं ते मला सांगता यायचं नाही,
बाकीची सहा मी नीट पाहिलीच नाहीत,
लाखीच बघत बसलो होतो.
दुसरा नालबंद उदगीरचा,
तो दुपारच्या आत काही येत नाही.
नोटा उजाडल्यावर परत द्यायच्यात,
शिव्या खायच्यात, पुढच्या सालचं काम गेलं समजायचं.

लाखीवर लावू नका.
ती उद्या उडी मारत नाही.
हा काय, तिचा नाल.
धरून बघा.
आता गार आहे.