माशांसाठी माशा

उद्यमबागेत, ढलाईच्या दोन कारखान्यांमधल्या शेडमध्ये
आम्ही चौदा जणी माशा बांधतो.
गुळावरच्या नव्हेत,
गळावरच्या.

शेजारी भट्टी फोडतात तेव्हा टेबल थरथरतं
आणि पिसाचा एक तंतू चुकतो.
उसव. पुन्हा गुंडाळ.
वडगावात माझा माग होता,
बोटांना धाग्याचं काही सांगावं लागत नाही;
फक्त तेव्हा नऊ वार, आता दीड इंच.
कोंबड्याच्या मानेची पिसं
मंगाईच्या जत्रेनंतर स्वस्त पडतात.
खारीची शेपटी मात्र पार्सलनं येते,
तिला कापराचा वास.

खोक्यांवर नद्यांची नावं: टे, स्पे, डी, ट्वीड.
शेवंता हुंदरे म्हणाली, ह्या कसल्या नद्या गे,
कुणीतरी शिंकल्यासारख्या!
आमची मलप्रभा म्हणायला
निदान तोंड तरी उघडावं लागतं.

चहाच्या वेळी मकानदार चाचांचे प्रश्न.
त्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही,
जुने कॅटलॉग पाहिलेत,
समासातल्या बारीक अक्षरासकट.
सगळ्यांत लांब कुठली?
टे.
किती?
एकशे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर.
म्हणजे मलप्रभा दीडपटीहून मोठी की,
शेवंता फुगली, जणू तिनंच वाहवली.

स्पेवर दोरी मागे का फेकत नाहीत?
मागे झाडं, मागे चढ.
म्हणून पाण्यावरच एक वळसा घालून
पुढे झोकतात.
हे मला पाठ करावं लागलं नाही.
आमच्या खोलीतही साडी झटकायची तर
आधी भिंतीला विचारावं लागतं.

ट्वीड कुणाची?
सगळ्या गप्प.
चाचा म्हणाले, खालच्या अंगाला काही मैल
हा काठ एका मुलखाचा, तो दुसऱ्या.
पण मासे धरायचा कायदा अख्ख्या नदीला एकच.
आणि पाट्या? शेवंतानं विचारलं.
पाट्या कुठल्या भाषेत?
चाचांनी बशीतला चहा संपवला.
कॅटलॉगमध्ये पाट्यांचं काही नव्हतं.

राकसकोपच्या पाण्यापलीकडे, तुडयेला, माझी मावशी.
धरण तुडुंब भरलं की तिचं काठावरचं भात बुडतं
आणि माझ्या नळाला पाणी येतं.
ती फोनवर विचारते, आलं का गो?
मी म्हणते, आलं.
पुढे दोघी जरा वेळ बोलत नाही.

शेवटचा प्रश्न चाचांनी
कामाच्या शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता.
गळ्यात हार, हातात स्टीलचा डबा.
समुद्रातून नदीत परत आलेला सॅल्मन काय खातो?
माशा, आम्ही सगळ्या एका सुरात.
काही नाही, चाचा म्हणाले.
गोड्या पाण्यात शिरला की त्याचं खाणं बंद.
जिथं जन्मला त्या ओढ्याच्या वासावर
उपाशीच वर चढत राहतो.

मग आमची माशी तोंडात का घेतो?

कोणी म्हणतं राग.
कोणी म्हणतं लहानपणची खोड.
एकतीस वर्षं बांधतोय पोरींनो,
मला माहीत नाही.
रिक्षा आली होती. डबा घेऊन बसले.

त्या दिवशी मी उशिरापर्यंत थांबले.
पिशवीच्या तळाशी एक रिळ होतं,
मागावरून उतरलेल्या शेवटच्या साडीच्या काठाचं,
वांगी रंगाचं.
नमुन्यात लाल होता.
एकाच माशीला वांगी वेढे दिले, सात,
आणि ट्वीडच्या खोक्यात
इतरांसारखीच उताणी ठेवली.

तीन महिन्यांनी चिठ्ठी आली.
मालकांनी ती फळ्यावर टाचणीनं लावली:
ट्वीड, खोकं अकरा. एक नग. रंगात फरक.
माझे साडेचार रुपये कापले.

नग परत आला नव्हता.