सोमवारची गोळी

माझ्या खिडकीतून माणूस दिसत नाही.
जाळीखालच्या अर्धगोल भोकातून
फक्त हात येतात आत, मनगटापर्यंत,
आणि केसपेपर.
एकवीस वर्षं मी हातच वाचतो आहे:
दोरीने चिरलेले, काजूच्या चिकाने काळे पडलेले,
मेंदी उतरत आलेले,
आणि ते, जे फळीवर टेकतात
पण उघडत नाहीत.

यशोदा मेथरचे हात आले तेव्हा
बोटं करंगळीकडे कलली होती,
किनाऱ्यावरच्या सुरूंसारखी,
सगळी एकाच बाजूला.
सहा वर्षं तिला ‘वात असेल’ म्हणून
दुखण्याची गोळी मिळत होती.
इथूनच. माझ्याच हातून.

मग भाच्याने तिला बांबोळीला नेलं.
दुखण्याला नाव मिळालं, आमवात,
आणि एक लहान पिवळी गोळी.
ती मात्र इथून घ्यायची.
पाकिटावर मी लिहिलं, नेहमीच्या घाईत,
‘आठवड्यातून १’.
त्यातला एक तेवढा तिला वाचता आला.

नऊ दिवस तिने रोज घेतली.

तोंडभर फोड, पेजही गिळवेना.
मुलगा काही बोलला नाही.
रिकामी पट्टी फळीवर ठेवली फक्त.
मी खळगे मोजले. मला मोजता येतं.

वाचली ती.
हे आधी सांगायला हवं होतं.

पुढे काय सुधारणा केल्या, ते विचारायला
वरून एक फॉर्म आला. चौकटी होत्या त्यात.
चौकटीत मावलं नाही ते असं:
सोमवार मालवणच्या बाजाराचा.
बांगडे घेऊन बसणारी बाई तारीख विसरेल,
सोमवार विसरायची नाही.
म्हणून आता चार सोमवारांच्या चार पुड्या,
प्रत्येकीवर पेनाने टोपली.
दुसरी गोळी, पहिली बाधू नये म्हणून द्यायची,
तीही पिवळीच (हे कोणाच्या डोक्यातून निघालं?),
ती निळ्या कागदात, मंगळवारसाठी.
मुलगा म्हणाला, ही टोपली की होडी?
मला चित्र येत नाही. पण ती हसली.

दर्शना सिस्टर आता हरेकीला विचारतात,
सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो?
यशोदा म्हणाली,
‘शेजारणीची भांडी घासान होतत,
तवसर माझी मूठ उघडीच.’
सिस्टरनी कागदावर लिहिलं, दोन तास.
मग थोडा वेळ त्या पेन धरूनच बसल्या.
आमची ओपीडी नऊची.
नऊला पोचायचं तर साडेसहाची एसटी,
आणि साडेसहाला या बायकांना
घराची कडी काढता येत नाही.
इतकी वर्षं आम्ही शेरा मारत होतो:
रुग्ण वेळेवर येत नाही.

गुरुवारी दुपारी दोनची वेळ मिळायला
सात महिने आणि अकरा पत्रं लागली.
रक्त तपासायचं यंत्र अजून मधेच बंद पडतं.
तपासल्याशिवाय मी पुढची पुडी देत नाही.
लोक भांडतात. भांडू देत.
बाटल्यांची झाकणं मात्र मीच उघडतो
आणि सैल ठेवून परत बसवतो.

बोटं आता सरळ व्हायची नाहीत.
जे वाकलं ते वाकलं, डॉक्टर म्हणाले,
उरलेलं सांभाळा.
सहा वर्षं आधी हे कोणी म्हटलं असतं तर,
असं मी गुरुवारी मनात आणत नाही.
इतर दिवशी आणतो.

‘गोळी खयच्या दिवशी?’ मी विचारतो,
पुडी हातातून सोडायच्या आधी.
‘सोमारी,’ आवाज येतो जाळीपलीकडून,
‘आणि तू इसारलस तर मी सांगतंय.’

तिच्यामागून आणखी एक हात फळीवर टेकतो.
कागदाआधी मी बघतो,
तो उघडतो का.