रिव्हेटची दोन भोकं

गॅरेजचं दार उघडेना,
म्हणून आम्ही ते बिजागऱ्यांसकट उतरवलं.
आत रंगाचे डबे, मेंढ्यांच्या कानांत मारायचे बिल्ले,
आणि गोणपाटाखाली
हे.

बिडाची दोन चाकं, कुठंच न गेलेली.
मधोमध पाण्याची उघडी टाकी,
तिच्यात कुण्या पाखरानं बांधलेलं घर,
लोकरीचं अस्तर लावून.
काचेच्या कुपीत तेल, गोठून मधासारखं.
आणि जिथं नाव असायला हवं तिथं
रिव्हेटची दोन भोकं,
मधला चौकोन तेवढा जरा कमी उन्हाळलेला.

इथिल गुडघ्यावर बसला.
ट्रेगॅरनच्या अलीकडच्या सगळ्या शेतांतली यंत्रं
त्यानं कधी ना कधी खोललीत.
चाकूच्या टोकानं रंग खरवडला:
राखाडी, त्याखाली लाल, त्याखाली हिरवा.
"हिरवा!" म्हणाला.
मग जरा वेळानं, "तेव्हा सगळेच हिरवे असायचे म्हणा."

दांड्याच्या टोकावर व्हिनेगर लावून घासलं
तेव्हा आकडे वर आले. चार, सात,
मग एक, किंवा नुसता ओरखडा,
मग तीन. की आठ?
चाकाचा घेर मोजला, पुलीची रुंदी,
फोटो पाठवले तीन जाणकारांना.
तिघांनी तीन कारखाने सांगितले,
तिघेही पैजेला तयार.

चौथ्या दिवशी शेजारची हेउल्वेन आली,
वय शहाऐंशी, हातात माझाच केकचा डबा, परत द्यायला.
तिनं इंजिनाकडे बघितलंच नाही.
भिंतीकडे बघत म्हणाली,
"इथलं भोक बुजवलं कुणी?"

फळी सरकवली. होतं भोक,
जुन्या वर्तमानपत्रांचा बोळा कोंबलेलं.
पट्टा तिथून पलीकडे जायचा,
गोठ्यात, सलगम चिरायच्या यंत्राला.

"असं वाजायचं," ती म्हणाली,
आणि डब्याच्या झाकणावर बोट आपटलं.
ठक्.
मग काहीच नाही.
काहीच नाही.
काहीच नाही.
ठक्.

"ओझं नसलं की असं. चुकवत चुकवत.
सलगम पडायला लागले की
ठक् ठक् ठक्, श्वास घ्यायला वेळ नाही.
बाबा तेव्हा छातीच्या इस्पितळात होते.
रात्री आई एकटीच घालायची सलगम,
मी वर अंथरुणात मोजायचे.
मधली जागा वाढली की समजायचं
आता टोपली खाली ठेवलीय,
आता टेकलीय भिंतीला.
एकदा मी एकवीसपर्यंत मोजलं होतं.
सकाळी विचारलं, दमलीस का?
म्हणाली, छे.
खोटं बोलायची. हे नाही बोलायचं."

इथिलनं वहीत लिहिलं:
कारखाना: माहीत नाही.
साल: माहीत नाही.
क्रमांक: ४७१३ किंवा ४७१८.
काम: सलगम.
थोडं थांबून पेन्सिल ओली केली,
पण पुढे काही लिहिलं नाही.

घरटं मी अलगद काढून खिडकीत ठेवलं,
नवं पेट्रोल ओतलं, हँडल फिरवलं.
एकदा. दोनदा.
आत कुठंतरी दाब आला, खोकल्यासारखा,
आणि धुळीचा एक भपका.
तेवढंच.

"पेटणार नाही आज," इथिल म्हणाला, हात पुसत.

हेउल्वेनचं बोट झाकणावर होतं,
वर उचललेलं.
ती मोजत होती.